आभाळवाल्या मास्तरांचा दुखवटा

मिरचीचे देठ खुडताना तोंड बंद ठेवावं, असं माय सांगायची. तोंड उघडलं की ठसका बसतो, आणि चुकून हात डोळ्याला गेला की मग विचारूच नका. पण फाल्गुन लागला की आमच्या अंगणात वाळलेल्या लाल मिरचीचा ढीग पडायचा, गल्लीतल्या बायका सकाळची भाकर-चटणी उरकून यायच्या आणि दिवसभर देठ खुडत दिवसभर बोलायच्या. शिंकायच्या, खोकायच्या, पदरानं नाक पुसायच्या आणि पुन्हा बोलायला लागायच्या. त्यांच्या मधोमध उलट्या घातलेल्या टोपलीवर बसून मी मोठ्यानं वाचायचे. माझा आवाज या वयातही खणखणीत आहे, त्याचं श्रेय लोक माझ्या मास्तरकीला देतात. श्रेय खरं त्या मिरचीचं. ठसका लागलेल्या बायकांच्या वर आवाज काढायचा तर तो पोटातूनच काढावा लागतो.

आमचं गाव धाड या बाजाराच्या गावापासून दोन कोसांवर. गाव कसलं, चार गल्ल्या, एक मारुती आणि सातवीपर्यंतची शाळा. आम्ही भाजीपाला पिकवणारी माणसं. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि सगळ्यांत मोठं पीक मिरचीचं. पहाटे मळ्यात मोट सुरू झाली की तिची कुरकूर घरापर्यंत यायची आणि त्या आवाजावर माय चूल पेटवायची. मग भाकरी थापल्याचा आवाज, भाऊंचं बैलांशी चाललेलं बोलणं, आणि मध्येच मायची हाक, "इंदे, उठली का नाही व?" भाऊ म्हणजे माझे वडील. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं, मग आम्ही पोरं वेगळं काय म्हणणार? भाऊ तोंडाचे फटकळ आणि पोटाचे मऊ होते, पण त्या पोटात शिरायची वाट काही सापडायची नाही. जेवायला बसले की ताटात आधी ठेचा लागायचा, मग ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, मग जी असेल ती भाजी. ठेचा दिसला नाही की मायला विचारायचे, "आज घरात कोण बिमार आहे?"

मायचा भाऊ, माझा मामा, एस.टी.त कंडक्टर होता. गाडीत कुणी तरी विसरून गेलेलं एक मासिक त्यानं एकदा माझ्यापुढे टाकलं. "घे, तुले वाचाचा लय नाद आहे ना." त्यात दर महिन्याला थोडी थोडी अशी एक विज्ञानकथा येत होती. मी ती वाचली आणि दुसऱ्या दिवशी मिरचीच्या ढिगाजवळ बसून बायकांना सांगायला लागले. सांगता सांगता माझा गोंधळ उडाला, तेव्हा एक आवाज आला, "सांगू नोको. त्यानं लिवलं तसंच वाच." तो आवाज कौतिकामावशीचा. तेव्हापासून मी वाचत गेले, आणि मामा दर महिन्याला खामगावच्या स्टँडवरून ते मासिक विकत आणत गेला.

कौतिकामावशी माझी सख्खी मावशी नव्हे, गल्लीची मावशी. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण लग्नात आणि मयतीत गावात तिचाच शब्द शेवटचा. कुणी आधी उठायचं, कुणाला काय द्यायचं, कोणत्या वेळी कोण रडायचं, सगळं तिला तोंडपाठ. लेखकाबद्दल तिनंच पहिल्यांदा विचारलं होतं, "कोण सांगून राह्यलं व हे?" मी म्हटलं, पुण्याचे कुणी मास्तर आहेत, कॉलेजात आभाळाचं शिकवतात. झालं. ते आभाळवाले मास्तर झाले. त्यांचं खरं नाव मी इथं लिहीत नाही. आज ते फार कुणाला ओळखीचं वाटणार नाही, आणि आमच्या अंगणात ते नाव कधी कुणी घेतलंही नाही.

मास्तरांच्या गोष्टीत वसुधा नावाची बाई यानातून एकटीच दोन सूर्यांच्या ग्रहावर उतरते. तिथं एक सूर्य मावळला की दुसरा उगवतो, रात्र म्हणून होत नाही. हे वाचलं त्या दिवशी खुडणं अर्ध्यावर राहिलं.

"रात नाही तं माणसं झोपते कवा?" शेवंतानं विचारलं. शेवंता शेजारच्या घरात नवी आलेली सून, तिला सगळ्याच गोष्टीची घाई.

"दुपारी झोपत असतीन, तुह्यासारखे," कौतिकामावशी म्हणाली.

"अन् मेथी? दोन-दोन ऊन सोसन का मेथी?"

यावर दोन दिवस वाद चालला. मेथी जळेल, वांग्याला फूल धरणार नाही, मिरची मात्र येईल, यावर शेवटी एकमत झालं. एकदा वसुधा दिवसभर खडक फोडून यानात परतते आणि म्हणते, मला भूक नाही. कौतिकामावशीनं हातातली मिरची खाली ठेवली. "मास्तर आज घाईत हायेत. एवढी मेहनत केलेली बाई भूक नाही म्हणन का?" पुढे मी पुष्कळ समीक्षा वाचली, पण इतकी अचूक फार थोडी. आणि कुणी असं समजू नये की बायका मास्तरांना हसायच्या. मासिक यायला उशीर झाला की एस.टी.च्या धुळीकडे डोळे लावून बसायच्या. उन्हाळ्यात अंगणात बाजा टाकल्या की कौतिकामावशी वर बघून म्हणायची, "कोठी असंन व वसुधा?" त्या बाईनं आयुष्यात बुलढाणासुद्धा पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी मी सातवीला होते. पुढची शाळा धाडला, आणि आमच्या गावातून तिथं शिकायला गेलेली मुलगी तोवर एकही नव्हती. भाऊंचं ठरलं होतं. सातवी झाली की बस. मिरचीला हात लागतात, रोजचे दोन कोस पोरगी एकटी कशी जाईल, आणि चिखलीकडचं एक स्थळही कुणी तरी सुचवलं होतं. भाऊंसमोर हट्ट करायची आमच्याकडे रीत नव्हती. माय एकटी बघून मी फक्त एकदा म्हटलं, "माय, मले पुढं शिकायचं आहे. मले आभाळाचं शिकायचं आहे." माय पीठ मळता मळता म्हणाली, "तुह्या भाऊले कोण सांगन?" कुडापलीकडे शेवंता पाणी भरत होती. तिनं ऐकलं, म्हणजे गल्लीनं ऐकलं.

चैत्रात नवीन अंक आला. पान उघडलं तर गोष्टीच्या जागी काळी चौकट. मला वाटलं, या खेपेला सजावट वेगळी केली आहे. नेहमीसारखी टोपलीवर बसले आणि वरपासून खणखणीत वाचायला लागले. कळवण्यास अत्यंत दुःख होते, आमचे लोकप्रिय लेखक, अल्पशा आजाराने, असं सगळं. कथेचा शेवटचा भाग त्यांच्या हातून लिहून झाला नाही, असंही त्यात होतं.

"म्हंजे मास्तर सोताच गोष्टीत आले का?" शेवंता म्हणाली. "बरं झालं. वसुधाले सोबत झाली."

"अव पण मेले म्हणते ना ते," दुसरी एक म्हणाली.

"मंग काय झालं? ते दोन सूर्यावाले त्याइले जितं करतीन. वाच व इंदे पुढं."

मी पुढे वाचायला गेले तर पुढे काही नव्हतं. पान उलटलं तर केसांच्या तेलाची जाहिरात. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हटलं, "मावशी, हे गोष्टीतलं नाही. मास्तर खरंच गेले."

सगळ्यांचे हात थांबले. आधी कौतिकामावशीनं पदर डोक्यावरून पुढे ओढला, मग एकेकीनं. मिरचीचे हात डोळ्यांना लावायचे नसतात, म्हणून कुणीच डोळे पुसले नाहीत. पाणी गालावरून हनुवटीवर आलं तसं येऊ दिलं. मी आतापर्यंत बऱ्याच मोठ्या माणसांच्या शोकसभांना गेले आहे, एक-दोन ठिकाणी बोललेही आहे. तिथली भाषणं विसरले. तो ढिगाभोवतीचा अर्धा तास मात्र विसरायचं म्हटलं तरी जमत नाही.

मी संध्याकाळपर्यंत रडले. सकाळी डोळे सुजलेले आणि अंगात कणकण. तो धाडच्या बाजाराचा दिवस होता. भाऊ गाडीत वांग्यांच्या पाट्या चढवत होते. माझ्या कपाळाला हात लावून मायला म्हणाले, "आंग गरम लागते हिचं. येताना गोळी आणतो." आणि गाडी जुंपून गेले. ते गेल्यावर थोड्या वेळानं कौतिकामावशी दारात आली. आत न येता उंबऱ्याबाहेरूनच मायला म्हणाली, "आज चूल पेटवू नोको."

मायचा हात कपाळाला गेला. ज्या घरात मयत होते त्या घरात चूल पेटत नाही, शेजारीपाजारी पिठलं-भाकर आणतात आणि घरच्यांना दोन घास बळंच खाऊ घालतात. त्याला कडू घास म्हणतात. "काहून असं बोलता बाई भरल्या घरात?" माय म्हणाली.

"हे पाह्य," कौतिकामावशी शांतपणे म्हणाली, "मास्तरांचं घर आपण पाह्यलं नाही. तिथं जाऊन बसणं होत नाही. पण माणूस गेलं तं कोणाच्या तरी दारात जाऊन बसाच लागते. मास्तर आपल्या गल्लीत कोणाच्या तोंडानं बोलले? या पोरीच्या. मंग घरचं माणूस हेच."

"ते कवाचे गेले असतीन. आता काय सुतक?"

"ऐकलं तवापासून सुतक."

माय भेदरली होती. कुणी मेलं नसताना कडू घास घरात येणं म्हणजे केवढा अपशकुन. पण कौतिकामावशीपुढे मयतीच्या रीतीचा वाद घालणार कोण? दुपारपर्यंत बायका डोक्यावर पदर घेऊन अंगणात येऊन बसल्या. टोपल्यांत फडक्याखाली भाकरी, पितळेच्या पातेल्यात पिठलं. मोठ्यानं कुणी रडत नव्हतं. एक जण म्हणायची, "काय माणूस होता," आणि बाकीच्या मान हलवायच्या. मी घरात भिंतीला टेकून बसले होते. मला लाज वाटत होती आणि फार फार बरंही वाटत होतं. माझं दुःख खरं आहे असं मोठ्या माणसांनी मानलं होतं. असं मला आधी कधी कुणी मानलं नव्हतं.

आणि नेमके भाऊ लवकर परतले. गल्लीच्या वळणावरून त्यांना काय दिसलं असेल, ते मला आता आई झाल्यावर, आजी झाल्यावर कळतं. आपलं अंगण, डोक्यावर पदर घेतलेल्या बायका, झाकलेल्या टोपल्या, आणि घरावर धूर नाही. त्यांनी बैल, गाडी तिथंच रस्त्यात सोडली. मी आतून त्यांचा आवाज ऐकला. भाऊंचा असा आवाज मी ना आधी ऐकला, ना नंतर.

"इंदू! माही इंदू कुठं आहे?"

आम्ही चार भावंडं. त्यांनी माझंच नाव घेतलं. मी धावत दारात आले. एका पायात वहाण, दुसरा पाय उघडा, हातात गोळीची पुडी, असे भाऊ माझ्यासमोर उभे होते. त्यांनी माझ्या डोक्याला, खांद्याला, हातांना हात लावून पाहिलं आणि तिथंच ओट्यावर खाली बसले. मग विचारलं, "कोण गेलं?"

"आभाळवाले मास्तर," कौतिकामावशी म्हणाली.

"कोणचे मास्तर?"

"पुण्याचे. गोष्ट सांगत होते ते."

"आपले कोण लागते ते?"

"तुमचे नाही लागत भाऊ. आमचे लागते."

भाऊंचा चेहरा लाल झाला. आता हे टोपल्या उचलून रस्त्यात फेकतील, या भीतीनं मायनं डोळे मिटून घेतले. पण पहाटेपासून भाऊंच्या पोटात काही नव्हतं. कौतिकामावशीनं एक भाकर मोडली, पिठल्यात बुडवली, पहिला घास माझ्या तोंडात घातला आणि दुसरा त्यांच्यापुढे धरला. भाऊंनी घासाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि घास खाल्ला. मग ताट ओढून घेतलं आणि पोटभर जेवले. कडू घास नावालाच कडू. लसणाची फोडणी दिलेलं ते दाटसर पिठलं होतं, आणि कुणीतरी मागून त्यांच्या ताटात गुपचूप ठेचाही वाढला.

नंतर पुष्कळ जणांनी मला विचारलं आहे, मग त्या गोष्टीचा शेवट तू स्वतः रचून सांगितलास का? मी तसं सुचवून पाहिलं होतं. कौतिकामावशीनं ऐकलं नाही. "वसुधाचं काय कराचं होतं ते मास्तरांच्या मनात होतं. आपण काहून हात लावा?" वसुधा अजून तिथंच आहे, दोन सूर्यांच्या उन्हात. मी पुढे भौतिकशास्त्र शिकले, आयुष्यभर शिकवलं, दुर्बिणीतून खूप काही पाहिलं. दोन सूर्य असलेले ग्रह खरोखर सापडल्याचं वाचलं, तेव्हा सांगायला त्या बायकांपैकी फक्त शेवंता उरली होती. तिला फोन केला तर म्हणाली, "मंग? मास्तर खोटं बोलत होते का?"

तेरवीचा दिवस आला. मास्तरांच्या घरचे त्यांचं काय ते करतील, आपण आपल्या माणसाचा दुखवटा काढायचा, असं कौतिकामावशीनं जाहीर केलं. दुखवटा काढायचा म्हणजे सुतकातल्या माणसाला नवं कापड द्यायचं. ते अंगावर चढवलं की शोक संपला, माणूस कामाला लागलं. उन्हं कलल्यावर बायका आल्या. भाऊ ओट्यावर दोरी वळत बसले होते. मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि मांडीवर कापड ठेवलं. मी उलगडलं. गडद निळं कापड, आणि त्याच्या आत पांढरं.

भाऊंची दोरी थांबली. "हे तं धाडच्या शाळेचं कापड आहे."

"हाव," कौतिकामावशी म्हणाली.

"मी सातवीवर बस म्हटलं होतं."

"तुम्ही आमच्या हातचा कडू घास खाल्ला ना भाऊ? भरपेट खाल्ला. घास खाल्ला अन् दुखवटा वापस केला, असं कोण्या घरी झालं ते सांगा. मी तं कुठं पाह्यलं नाही."

भाऊंनी पण कुठं पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "दोन कोस आहे. रोजचं. एकटी जाईन का हे?"

आता शेवंता पुढे झाली. सासऱ्याच्या वयाच्या माणसासमोर ती एवढं कधी बोलली नव्हती. "एकटी काहून? वेशीपासून आमचं वावर आहे. मंग कौतिकामावशीचं. नाल्यापलीकडं रखमाकाकूचं, मंग माह्या मामेसासऱ्याचं, ते थेट धाडच्या पांदीच्या वाटेपावेतो. कोणी ना कोणी बाई वावरात असतेच. एकीच्या नजरेतून गेली की दुसरीच्या नजरेत. आम्ही ठरवलं आहे."

"अन् मिरचीले हात?"

"आमचे हात काय झडले का?"

भाऊंनी दोरी पुन्हा वळायला घेतली. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी विचारलं, "पण हे दिवसभर शाळेत गेली, तं तुम्हाले वाचून कोण दाखवन?"

तोवर मला वाटत होतं की भाऊंना आमचं वाचन म्हणजे रिकामटेकडेपणा वाटतो. त्यांनी कधी ऐकलं असेल, असंही मला वाटलं नव्हतं. कौतिकामावशीनं पदर डोक्यावरून पुढे ओढला, मास्तर गेल्याचं कळलं त्या दिवशी ओढला होता तसा. "ते आमचं आम्ही पाहू भाऊ," ती म्हणाली. त्या बायकांनी मला काय दिलं, हे मी तेव्हाच समजले, आणि आज हे लिहिताना पुन्हा समजते आहे. वर्षाकाठची त्यांची एवढीच तर मजा होती. ती त्यांनी माझ्या मांडीवर आणून ठेवली होती.

भाऊ मायकडे वळले, पण बोलले सगळ्यांनाच ऐकू जाईल असं. "त्या दिवशी अंगणात बायका पाह्यल्या, तवा मले वाटलं इंदूच गेली. जिती आहे पोरगी. अन् मागते काय, तं शाळा." दोरी बाजूला ठेवून ते उठले, माझ्या मांडीवरचं कापड उचललं, घडी नीट केली आणि काखेत धरून आत गेले. कौतिकामावशीनं मला पाटावरून उठवलं. "चाल, झालं सुतक. देठ खुडाचे राह्यले आहेत."

पुढच्या बाजाराला भाऊंनी मला गाडीत घेतलं. वांगी विकून झाल्यावर मला शिंप्याच्या दुकानात नेलं आणि कापड त्याच्यापुढे ठेवलं. शिंप्यानं माझी मापं घेतली, खडूनं कापडावर रेघ ओढायला वाकला.

"बराबर मापानं शिवू का भाऊ?" त्यानं विचारलं.

"मापानं नोको," भाऊ म्हणाले. "ढील ठेव. खालून दुमड मोठी घाल. मॅट्रिकपावेतो पुरलं पाहिजे."